विल्यम शायरर : वाणी आणि लेखणी

ज्युबिलीच्या स्मरणिकेत संतांची, धर्मगुरूंची आणि आपले देऊळ उभारण्यास हातभार लावणाऱ्या पूर्वजांची चरित्रे यावीत हे सर्वस्वी योग्य होय. परंतु प्रपंचात राहून एखाद्या गृहस्थाने एकच कर्तव्य जन्मभर निष्ठेने बजावले असेल, तर त्याच्या चरित्रापासूनही आपल्या कुटुंबांना घेण्यासारखे पुष्कळ असते. आमचे चरित्रनायक विल्यम लॉरेन्स शायरर हे आपल्या पंथाचे नव्हते. ते प्रेस्बिटेरियन घराण्यात वाढले. त्यांचा व्यवसाय बातमीदाराचा. प्रथम वृत्तपत्रात, पुढे नभोवाणीवर, आणि नभोवाणीचे दार बंद झाल्यावर ग्रंथलेखनात, असा त्यांचा प्रवास झाला. खोटी साक्ष देऊ नको, असे देवाची आठवी आज्ञा सांगते, आणि ती आपण बहुतांशी पाळतो अशी आपली समजूत असते. पण खरी साक्ष देण्याची वेळ आली असता मुकाट्याने बसणे हे त्या आज्ञेस कितपत धरून आहे, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. शायरर यांच्यापुढे हा प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला, आणि तोही अशा ठिकाणी की जेथे खरे बोलण्याची किंमत फार मोठी होती.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९०४ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. वडील वकील होते. परंतु विल्यम लहान असतानाच, १९१३ मध्ये, ते अकाली वारले, आणि आईने मुलांसह आयोवा संस्थानातील सीडर रॅपिड्स या गावी आपल्या माहेरी आसरा घेतला. तेथील को कॉलेजात विल्यमचे शिक्षण झाले. कॉलेजच्या वर्तमानपत्राचे संपादन करता करता बातमीदारीची गोडी लागली. १९२५ साली पदवी मिळाल्यावर, उसने पैसे खिशात घालून आणि गुरे वाहून नेणाऱ्या बोटीवर काम करीत, हा तरुण युरोपास गेला. बेत एका उन्हाळ्यापुरता होता. परतण्याची वेळ येऊन ठेपली, तोच पॅरिसमध्ये निघणाऱ्या शिकागो ट्रिब्यूनच्या आवृत्तीत नोकरी मिळाली, आणि दोन महिन्यांची सफर पंधरा वर्षांचा मुक्काम होऊन बसली. १९२७ च्या मे महिन्यात लिंडबर्ग हा वैमानिक एकट्याने अटलांटिक ओलांडून पॅरिसजवळ उतरला, तेव्हा त्या प्रचंड गर्दीत हा तेवीस वर्षांचा बातमीदारही होता. पुढे व्हिएन्ना हे त्यांचे ठाणे झाले. फ्रेंच व जर्मन या भाषा त्यांनी आत्मसात केल्या. ज्या देशात राहावे त्या देशाची भाषा बाजारात, कचेरीत व घरात बोलता आली पाहिजे, हा त्यांचा परिपाठ होता. पुढे तोच त्यांच्या उपयोगी पडला.

१९३० मध्ये वर्तमानपत्राच्या मालकांनी त्यांस हिंदुस्थानात धाडले. मिठाचा सत्याग्रह होऊन गेला होता, महात्मा गांधी पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते, आणि मुंबईच्या रस्त्यांवर सत्याग्रहींवर लाठ्या पडत होत्या. ज्यांची हकीकत लिहावयास आलो ते गृहस्थच बंदिवासात, अशी शायरर यांची स्थिती झाली. २६ जानेवारी १९३१ रोजी गांधीजी सुटले, आणि त्यानंतर दिल्लीस डॉक्टर अन्सारी यांच्या घरी दोघांची भेट झाली. व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी चाललेल्या वाटाघाटी व ५ मार्चचा करार हे सर्व शायरर यांनी जवळून पाहिले. त्याच वर्षी गोलमेज परिषदेच्या निमित्ताने लंडनमध्येही ते गांधीजींच्या मागोमाग होते. हिंदुस्थानातील हवेने त्यांस मलेरिया व आमांश हे दोन्ही आजार दिले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट दिली. हाती सत्ता नाही, शस्त्र नाही, पदरी द्रव्य नाही, असा एक कृश मनुष्य केवळ आपल्या म्हणण्यावर ठाम राहून एका साम्राज्यास बोलणी करावयास लावतो, हे दृश्य त्यांनी सत्ताविसाव्या वर्षी पाहिले. ते त्यांच्या मनातून जन्मभर गेले नाही.

यानंतर संकटांची रांग लागली. त्यांचा विवाह व्हिएन्नाच्या टेरेसा स्टिबेरिट्झ यांच्याशी १९३१ मध्येच झाला होता. १९३२ मध्ये बर्फावरून घसरण्याच्या खेळात अपघात होऊन एका डोळ्याची दृष्टी गेली, आणि त्याच वर्षी नोकरीही गेली. १९३३ हे वर्ष पतिपत्नींनी स्पेनच्या किनाऱ्यावरील एका खेड्यात, शिल्लक पैशांवर काटकसरीने काढले. ते वर्ष संपले तेव्हा युरोप पालटून गेला होता. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सेलर झाला होता. १९३४ च्या ऑगस्टमध्ये शायरर यांस एका अमेरिकन वृत्तसंस्थेत बर्लिन येथे काम मिळाले, आणि सप्टेंबरात न्युरेंबर्ग येथील नात्सी पक्षाचा मेळावा त्यांनी पाहिला. मशाली, ध्वज, वाद्ये आणि लाखो कंठांतून निघणारा एकच घोष! एक सबंध राष्ट्र आपली विवेकबुद्धी आनंदाने दुसऱ्याच्या हवाली करीत आहे, हे पाहून त्यांस आश्चर्यही वाटले आणि भयही.

याच ठिकाणी त्यांच्या साक्षीचा संबंध आपल्या पवित्र सभेशी येतो. २० जुलै १९३३ रोजी रोम आणि जर्मन सरकार यांच्यामध्ये करार झाला होता. त्यात कॅथोलिक शाळा, संस्था व धर्मोपासना यांना संरक्षणाची हमी होती. ती हमी कागदावरच राहिली. कॅथोलिक तरुणांच्या संघटना मोडण्यात आल्या, धर्मगुरू व धर्मभगिनी यांना निरनिराळ्या आरोपांखाली तुरुंगात टाकण्यात आले, आणि ३० जून १९३४ रोजी कॅथोलिक अॅक्शनचे बर्लिनमधील पुढारी एरिख क्लाउसेनर यांस त्यांच्या कचेरीतच गोळी घालण्यात आली. १९३७ च्या झावळ्यांच्या रविवारी पोप अकरावे पायस यांचे जर्मन भाषेतील परिपत्रक तेथील सर्व कॅथोलिक देवळांत वाचून दाखविण्यात आले. ते गुप्तपणे छापून, हातोहात पोचवून, सरकारला चाहूल लागण्यापूर्वीच व्यासपीठावर आणले गेले होते. या सर्व गोष्टी शायरर यांनी पुढे आपल्या ग्रंथात नमूद केल्या. परंतु त्याबरोबरच त्यांनी एक कटू निरीक्षण नोंदविले, आणि ते आपण झाकून ठेवू नये. धर्मसंस्थांच्या या छळाने जर्मन जनतेचा मोठा भाग फारसा अस्वस्थ झाला नाही, असे त्यांस आढळले. लोकांना काम मिळाले होते, राष्ट्राचा मान वाढल्यासारखे वाटत होते. तेवढ्याने बहुतेकांचे समाधान झाले. देवळे भरलेली होती, आणि शेजारचे घर एका रात्रीत रिकामे झाले तरी विचारणारे थोडे होते.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये वृत्तसंस्था बंद पडून शायरर यांची नोकरी पुन्हा गेली. पत्नी गरोदर, हाती पैसा नाही, अशा वेळी एडवर्ड मरो या नभोवाणीच्या तरुण अधिकाऱ्याची तार आली. कोलंबिया ब्रॉडकास्टिंग सिस्टिम या अमेरिकन कंपनीचे ते युरोपातील प्रतिनिधी होते, आणि त्यांस एक अनुभवी बातमीदार हवा होता. बर्लिनच्या आडलॉन हॉटेलात दोघांनी एकत्र भोजन केले व गोष्ट ठरली. एकच अट राहिली, ती आवाजाच्या परीक्षेची. शायरर यांचा आवाज पातळ व कोरडा होता. नभोवाणीस तो शोभण्यासारखा मुळीच नव्हता. न्यूयॉर्कचे वरिष्ठ नाराज झाले. पण मरो यांनी आग्रह धरला, कारण त्यांस गोड गळ्यापेक्षा जाणते डोके हवे होते. आणि म्हणून ज्या मनुष्यास आवाजापायी नाकारावयाचे होते, त्याच्याच आवाजावर पुढे अमेरिकेतील असंख्य घरे रात्री कान लावून बसू लागली.

तथापि आरंभी या कामात बातमी फारशी नव्हती. नभोवाणीच्या प्रतिनिधीने स्वतः बोलू नये, इतर मान्यवरांची भाषणे व मुलांच्या गायनाचे कार्यक्रम जुळवून द्यावेत, एवढीच अपेक्षा असे. ती रीत १९३८ च्या मार्च महिन्यातील तीन दिवसांनी पालटली. शायरर तेव्हा व्हिएन्नात राहत होते. २६ फेब्रुवारीस त्यांस कन्या झाली होती. शस्त्रक्रिया करावी लागली होती आणि पत्नी रुग्णालयात अत्यवस्थ होती. ११ मार्च, शुक्रवार, या दिवशी संध्याकाळी ऑस्ट्रियाचे चान्सेलर शुश्निग यांनी हिटलरच्या दडपणामुळे राजीनामा दिला, रस्ते नात्सी जमावाने भरून गेले, आणि एक स्वतंत्र कॅथोलिक देश एका रात्रीत नाहीसा होऊ लागला. ही वार्ता जगास आपल्या मुखाने सांगू शकेल असा एकच अमेरिकन नभोवाणी-बातमीदार शहरात होता, आणि तो म्हणजे शायरर. ते ध्वनिक्षेपण-केंद्रावर धावले. परंतु तेथे संगिनधारी पहारेकरी उभे होते. त्यांनी त्यांस बाहेर घालविले. ज्याच्यापाशी सर्व हकीकत होती, त्याच्या तोंडास कुलूप पडले.

मरो त्या वेळी पोलंडमध्ये होते. त्यांनी टेलिफोनवरून सांगितले की, लंडनला जा व तेथून बोला. तुमच्या जागी मी व्हिएन्नास येतो. आजारी पत्नी व पंधरा दिवसांची मुलगी यांना रुग्णालयात ठेवून शायरर पहाटेच विमानतळावर गेले. तेथे देश सोडू पाहणाऱ्या ज्यू कुटुंबांची दाटी झाली होती. बर्लिनमार्गे ते लंडनला पोचले, आणि १२ मार्चच्या रात्री कोणाच्याही कात्रीखालून न गेलेली, डोळ्यांनी पाहिलेली हकीकत त्यांनी अमेरिकेस ऐकविली. मरो यांनी बर्लिनहून सबंध विमान भाड्याने घेऊन एकट्यानेच व्हिएन्ना गाठले. दुसऱ्या दिवशी रविवार होता. न्यूयॉर्कहून निरोप आला की, त्याच रात्री युरोपच्या निरनिराळ्या राजधान्यांतून एकामागून एक बातमीदार बोलतील असा अर्ध्या तासाचा कार्यक्रम जुळवावा. हाताशी तास होते आठ. रविवार असल्याने कचेऱ्या बंद, तंत्रज्ञ घरी, आणि असा कार्यक्रम यापूर्वी कोणी केलेला नव्हता. तरीही लंडनहून शायरर, व्हिएन्नाहून मरो, तसेच पॅरिस, बर्लिन व रोम येथील बातमीदारांचे निवेदन असा तो कार्यक्रम घड्याळाच्या काट्यावर पार पडला. आज जगभरच्या घटना घरबसल्या प्रत्यक्ष ठिकाणाहून ऐकण्याची जी सवय आपणांस झाली आहे, तिच्या पायाचा एक दगड त्या रात्री बसला.

१ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्ध पेटले, आणि शायरर बर्लिनमध्ये राहिले. आता त्यांच्या प्रत्येक शब्दावर तीन परीक्षक बसले: एक सैन्याचा, दुसरा परराष्ट्र खात्याचा, तिसरा प्रचार खात्याचा. तिघांची संमती मिळाल्याखेरीज एक ओळही मायक्रोफोनपुढे वाचावयाची नाही. आक्रमणास आक्रमण म्हणू नये, नात्सी हा शब्दही वापरू नये, अशा सूचना सुटू लागल्या. रात्री इंग्रजांचे बॉम्ब बर्लिनवर पडू लागले, तेव्हा स्फोटांचा आवाज अमेरिकेस ऐकू जाऊ नये म्हणून ओठांशी धरावयाचा निराळा मायक्रोफोन त्यांस देण्यात आला. शायरर यांनी त्यातूनही वाट काढली. शब्द परीक्षकांच्या पसंतीचा, पण उच्चारातील थांबा, उपहास व चढउतार स्वतःचा. किंवा जर्मन परीक्षकास न समजणारा अमेरिकन बोलीतील एखादा वाक्प्रचार. अमेरिकेतील श्रोत्यांस त्यातील मर्म कळे. काही काळाने अमेरिकेत राहून आलेले परीक्षक नेमले गेले आणि हीही वाट बुजली.

१९४० च्या जून महिन्यात फ्रान्स पडला. १९१८ मध्ये ज्या रेल्वेच्या डब्यात जर्मनीने शरणागती पत्करली होती, तोच डबा काँपियेन्यच्या अरण्यात आणून हिटलरने तेथेच फ्रान्सला नमविले. शायरर जवळच उभे राहून दुर्बिणीतून हिटलरची चर्या न्याहाळीत होते. २२ जून रोजी करारावर सह्या झाल्या, तेव्हा त्यांनी सर्व हकीकत मायक्रोफोनपुढे सांगितली. ती बर्लिनमध्ये केवळ मुद्रित व्हावी अशी योजना होती. परंतु तेथील केंद्रावर झालेल्या चुकीमुळे ती थेट न्यूयॉर्कला पोचली, आणि हिटलरच्या स्वतःच्या घोषणेच्या काही तास आधीच जगास ती वार्ता कळली. बातमीदार म्हणून त्यांच्या कीर्तीचे हे शिखर होय.

परंतु त्यांच्या कामगिरीतील आम्हांस सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट नभोवाणीवर ऐकू आलीच नाही. त्या वर्षीच्या सप्टेंबरात एक परिचित त्यांच्या हॉटेलातील खोलीत आला, त्याने प्रथम टेलिफोनची जोडणी काढून टाकली, आणि मग सांगितले की, वेड्यांच्या व दुर्बल मनाच्या रोग्यांच्या इस्पितळांतून माणसे नेऊन ठार मारण्यात येत आहेत. शायरर यांनी या गोष्टीचा पिच्छा पुरविला. प्रांतोप्रांतीच्या वर्तमानपत्रांतील मृत्यूच्या बारीक टायपातील जाहिराती ते वाचू लागले. त्यांत तीनच ठिकाणांची नावे पुनःपुन्हा येत होती: ग्राफेनेक, लिंट्झजवळील हार्टहाइम, आणि पिर्नाजवळील झोनेनश्टाइन. आप्तांना पत्र येई की, आपला रोगी अमुक आजाराने अकस्मात वारला, प्रेताचे दहन करण्यात आले आहे, रक्षेचा कलश पाठविता येईल. एकाच ठिकाणी, एकाच रीतीने, इतकी माणसे कशी मरतात? २५ नोव्हेंबर १९४० च्या रोजनिशीत त्यांनी याचे उत्तर लिहून ठेवले: सरकारच्या संमतीने दुर्बलांची पद्धतशीर हत्या चालू आहे. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत या योजनेत सुमारे ७०,००० माणसे मारली गेली, हे पुढे त्या सरकारच्याच कागदांवरून सिद्ध झाले.

वाचकहो, या ठिकाणी क्षणभर थांबावे. कार्डिनल बर्ट्राम व कार्डिनल फाउलहाबर यांनी १९४० मध्येच या हत्येविरुद्ध सरकारकडे लेखी निषेध केला होता. परंतु तो कागद कचेरीत गेला व कचेरीतच राहिला. डिसेंबर १९४० च्या आरंभी रोमच्या होली ऑफिसने अशी हत्या निसर्गाच्या व देवाच्या कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय दिला. आणि ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप फॉन गालेन यांनी व्यासपीठावरून उघडपणे या खुनांस खून म्हटले. त्या प्रवचनाच्या प्रती घरोघर फिरल्या, आणि त्याच महिन्यात हिटलरला ही योजना निदान उघड रूपात थांबवावी लागली. गुप्तपणे ती पुढेही चालू राहिली. तरी चार भिंतींतील निषेध आणि चव्हाट्यावरील साक्ष यांतील अंतर यावरून दिसून येते. शायरर यांस व्यासपीठ नव्हते. त्यांस होती ती रोजनिशी, आणि ती बर्लिनमधून बाहेर नेणे हेच एक संकट होते.

परीक्षकांची कात्री असह्य झाली होती, आणि गेस्टापो आपणांवर हेरगिरीचा खटला रचीत आहे अशी सूचनाही त्यांस मिळाली. सरकारने जे सांगावयास दिले तेच सांगत राहावयाचे, तर येथे राहण्यात अर्थ काय, असा विचार करून त्यांनी बर्लिन सोडण्याचे ठरविले. रोजनिशीच्या वह्या सापडत्या, तर प्राणाशीच गाठ होती. त्यांनी त्या ट्रंकांच्या तळाशी ठेविल्या, वर परीक्षकांचे शिक्के असलेली आपली भाषणे पसरली, त्यांवर सैन्याचे काही नकाशे ठेविले, आणि त्या ट्रंका घेऊन स्वतःच गेस्टापोच्या कचेरीत गेले. अधिकाऱ्यांनी अपेक्षेप्रमाणे नकाशे जप्त केले; खाली शिक्क्यांची भाषणे पाहून त्यांचे समाधान झाले, आणि त्यांनी ट्रंकांवर सरकारी मोहोर लावून दिली. ५ डिसेंबर १९४० रोजी त्या मोहोरेच्याच आधारे वह्या विमानतळावरून सुखरूप बाहेर पडल्या.

१९४१ च्या जूनमध्ये बर्लिन डायरी हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि हातोहात खपला. अमेरिका त्या वेळी युद्धात पडलेली नव्हती. तेथील वाचकांस जर्मनीचे अंतरंग या पुस्तकाने दाखविले. आणखी एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. पुढील काळातील अभ्यासकांनी मूळ हस्तलिखित व छापील ग्रंथ ताडून पाहिले, तेव्हा छापताना शायरर यांनी काही मजकूर गाळला व बदलला होता असे आढळले. विशेषतः आरंभीच्या वर्षांत हिटलरविषयीचे त्यांचे मत छापील पुस्तकात दिसते तितके पक्के झालेले नव्हते. सत्याची चाड बाळगणाऱ्यासही आपण पूर्वीपासूनच शहाणे होतो असे दिसण्याचा मोह सुटत नाही. यावरून त्यांची साक्ष खोटी ठरत नाही. पण साक्षीदारही मनुष्यच असतो, एवढे ध्यानात राहते. आणि ते ध्यानात राहिले ते अशामुळे की, हे हस्तलिखित नष्ट न होता त्यांच्या जुन्या कॉलेजात जपून ठेविले गेले.

युद्ध संपले. १९४५ च्या अखेरीस न्युरेंबर्ग येथेच, जेथे अकरा वर्षांपूर्वी मशाली पाहिल्या होत्या, तेथे नात्सी पुढाऱ्यांस आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेले शायरर यांनी पाहिले. अमेरिकेत त्यांचा रविवारचा नभोवाणी-कार्यक्रम लोकप्रिय होता. परंतु आता निराळेच वारे वाहू लागले. १९४७ च्या मार्चमध्ये, कार्यक्रमाचा खर्च देणाऱ्या दाढीच्या साबणाच्या कारखानदारांनी आपला आश्रय काढून घेतला, आणि कंपनीनेही ती वेळ शायरर यांच्याकडून काढून घेतली. आपली मते काहींना रुचत नाहीत म्हणून हे झाले, असे शायरर यांचे म्हणणे. कार्यक्रमाचा दर्जा उतरला होता, असे कंपनीचे. या वेळी कंपनीत उच्चपदावर होते ते एडवर्ड मरो. ज्या मित्राने आवाजाची बाजू घेऊन नोकरी दिली होती, त्यानेच आता आपली पाठराखण केली नाही, हा घाव शायरर यांच्या जिव्हारी लागला. ३० मार्च १९४७ रोजी त्यांनी त्या कंपनीवरून शेवटचे भाषण केले. दुसऱ्या एका कंपनीवर ते १९४९ पर्यंत बोलत होते. नंतर १९५० च्या जूनमध्ये, कम्युनिस्टांविषयी सहानुभूती असल्याचा संशय घेऊन १५१ व्यक्तींची नावे छापणारी एक पुस्तिका निघाली, आणि तीत शायरर यांचेही नाव आले. नभोवाणीची सर्व दारे बंद झाली. बर्लिनमध्ये तीन परीक्षकांना जे साधले नव्हते, ते स्वदेशात कुजबुजीने साधले.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पत्नी व दोन मुलींचा संसार घेऊन, त्यांनी गावोगावच्या कॉलेजांत व्याख्याने देऊन गुजराण केली. कादंबऱ्या लिहिल्या, त्या फारशा चालल्या नाहीत. अशा विपन्नावस्थेत त्यांनी एक प्रचंड काम अंगावर घेतले. पराभूत जर्मनीचे सरकारी दप्तर जाळून टाकले जाण्यापूर्वीच विजयी सैन्याच्या हाती पडले होते. केवळ परराष्ट्र खात्याचेच कागद ४८५ टन होते. सेनापतींच्या रोजनिश्या, गुप्त बैठकींची टिपणे, न्युरेंबर्गच्या खटल्यातील पुरावे, असा साठा इतिहासकाराच्या हाती इतक्या लवकर पूर्वी क्वचितच आला असेल. शायरर यांनी पाच वर्षांहून अधिक काळ त्यात स्वतःस गाडून घेतले. मध्येच पैसे संपले. एका न्यासाने वेळेवर साहाय्य केले म्हणून काम तडीस गेले. १९६० च्या ऑक्टोबरमध्ये तिसऱ्या जर्मन साम्राज्याच्या उदयास्ताचा तो इतिहास प्रसिद्ध झाला. पृष्ठे १,२४५, किंमत १० डॉलर. एवढा जाड ग्रंथ कोण विकत घेणार, अशी शंका असल्याने पहिली आवृत्ती अवघ्या १२,५०० प्रतींची काढली होती. अमेरिकेत पुठ्ठ्याच्या बांधणीच्याच प्रती दहा लक्षांवर खपल्या, आणि १९६१ मध्ये त्यास राष्ट्रीय ग्रंथ पारितोषिक मिळाले.

या ग्रंथावर टीकाही झाली. लूथरपासून हिटलरपर्यंत जर्मन इतिहासाची एक सरळ रेषा ओढता येत नाही, असा आक्षेप अनेक पंडितांनी घेतला आणि तो साधार आहे. जर्मनीत तर या पुस्तकाविषयी मोठा रोष झाला. परंतु सामान्य वाचकास जे हवे होते ते त्यास येथे मिळाले. न्युरेंबर्गचा घोष, व्हिएन्नाची रात्र, काँपियेन्यचा डबा या गोष्टी लेखकाने डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि त्याच वेळी बंद दाराआड काय चालले होते ते आता कागदपत्रे सांगत होती. नभोवाणीवरून जे सांगू दिले नाही, ते वीस वर्षांनी पुराव्यासह सांगितले गेले.

पुढे १९६९ मध्ये फ्रान्सच्या पतनाचा इतिहास, आणि १९७६ पासून १९९० पर्यंत तीन खंडांचे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. १९७९ च्या सुमारास, वयाच्या पंचाहत्तरीत, ते आपल्या तरुणपणाकडे वळले व गांधीजींच्या आठवणींचे पुस्तक त्यांनी लिहिले. हिटलरचा उत्कर्ष व अंत जवळून पाहिलेल्या मनुष्याने उतारवयात त्या कृश पुरुषाची आठवण काढावी, यात मोठा अर्थ आहे. गांधीजींशी आपले मतभेद कोठे होते तेही त्यांनी त्यात लपविले नाही.

एक गोष्ट मात्र अपुरी राहिली. १९६४ मध्ये मरो फुप्फुसाच्या कर्करोगाने क्षीण झाले होते. त्यांनी शायरर पतिपत्नींना आपल्या शेतावरील घरी बोलाविले, आणि गाडीतून फिरावयास नेऊन जुन्या प्रकरणाविषयी बोलण्याचा प्रयत्न केला. शायरर यांनी प्रत्येक वेळी विषय बदलला. १९६५ च्या एप्रिलमध्ये मरो वारले. समेट झालाच नाही. तीन परीक्षकांपुढे शब्द शोधून काढणाऱ्या या मनुष्यास मरणोन्मुख मित्रापुढे एक शब्द सापडू नये, हे वाचून मन विषण्ण होते. ही हकीकतही शायरर यांनी स्वतःच लिहून ठेविली, म्हणूनच ती आपणांस ठाऊक आहे.

वृद्धापकाळी ते मॅसॅच्युसेट्समधील लेनॉक्स या गावी राहत. ऐंशी वर्षे उलटल्यावरही टॉलस्टॉय व त्यांची पत्नी यांच्या संसारावर ते ग्रंथ लिहीत होते; तो त्यांच्या मरणानंतर १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. २८ डिसेंबर १९९३ रोजी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, बोस्टन येथे त्यांचा अंत झाला.

तात्पर्य काय? शायरर यांच्या वाणीवर अधिकार सदैव दुसऱ्याचा होता: कधी परीक्षकाचा, कधी पैसे देणाऱ्याचा. ज्या दिवशी त्यांनी नको म्हटले त्या दिवशी ती बंद पडली. लेखणी मात्र त्यांची स्वतःची होती, आणि रोज रात्री थकल्या हातांनी चार ओळी लिहून ठेवण्याची सवय त्यांनी सोडली नाही म्हणून पुढचे सर्व शक्य झाले. ग्राफेनेक येथे मेलेल्या एखाद्या अनाथ रोग्याची दखल त्याच्या गावानेही घेतली नसेल. ती एका परक्या बातमीदाराने बारीक टायपातील जाहिरात वाचून घेतली. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह व मरण यांच्या ओळी आपण पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवितो. तेथे गरिबाचे व श्रीमंताचे नाव एकाच शाईने लिहिले जाते. ज्युबिलीच्या वर्षी त्या वह्या उघडताना एवढे मनात असावे की, शेजाऱ्यावर अन्याय होत असता तो पाहिलेल्यांची साक्षही कोठेतरी लिहिली जाते, आणि त्यांचे मौनही. आपल्या नावापुढे यांपैकी काय लिहिले जावे, हे ठरविण्याचे काम ज्याचे त्याचे आहे.